कियॉस्क बसला म्हणून राजीनामा लिहू नकोस

या वेळचं पत्र एका कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंचं आहे. पत्र बरंच मोठं होतं, थोडं कापून देतेय.

"ताई, मी एका कॉलेजच्या लायब्ररीत बरीच वर्षं काम करतेय. यावर्षी सगळं एकदमच बदलतंय. पुस्तकांना आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वाचता येणारी चिप) लागतायत, दारापाशी सेल्फ चेकआउटचा कियॉस्क, म्हणजे वाचकाने स्वतःच पुस्तक नोंदवून न्यायचं मशीन, बसलाय, जुनं सॉफ्टवेअर बंद करून सगळा डेटा क्लाउडवरच्या नव्या सिस्टीमवर नेणार आहेत, ई-बुक्सचं मोठं पॅकेज घेणं चाललंय आणि वेबसाइटवर चॅटबॉट पण येणार. मीटिंगमध्ये एक जण म्हणाला, मग आता लायब्ररीयनने काय करायचं, नुसती खुर्ची उबवायची? सगळे हसले, मीही हसले. गेल्या आठवड्यात एक मुलगा एआयने बनवून दिलेली पुस्तकांची यादी घेऊन आला, त्यातली निम्मी पुस्तकं मला कुठेच सापडेनात, तर म्हणाला मॅडम तुम्हाला नीट सर्च करता येत नाही वाटतं. त्या रात्री झोप लागली नाही. त्रेचाळिशी आलीय. नोकरी सोडून दुसरं काही बघू, की हे सगळं शिकायला घेऊ? आणि शिकायचं तर नेमकं काय, कोडिंग? — काउंटरमागची"

अगं, आधी त्या मुलाचं घेऊ, कारण तुझ्या अख्ख्या पत्राचं उत्तर मला तिथेच दिसतंय आणि तू ते जाता जाता दोन ओळीत उरकलंयस.

तुला ती पुस्तकं सापडली नाहीत कारण बहुतेक ती नाहीतच, कोणी लिहिलेलीच नाहीत. चॅटबॉट पुस्तकं शोधतो असं लोकांना वाटतं पण तो मुळात वाक्यं जुळवतो, अमुक विषयाच्या यादीत साधारण कशी नावं येतात हे त्याने ढीगभर मजकुरातून उचललेलं असतं, त्यामुळे लेखक खरा, प्रकाशक खरा, पुस्तकाचं नाव अगदी पटेल असं आणि पुस्तक मात्र हवेतलं. इंटरनेटला जोडलेला असेल तर कमी चुकतो, पण चुकतो. आणि यात फक्त पोरंच फसतात असं समजू नकोस. २०२५ च्या मे महिन्यात 'शिकागो सन-टाइम्स' या नावाजलेल्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत उन्हाळी सुट्टीत वाचायच्या पुस्तकांची यादी आली, १५ पुस्तकं, त्यातली १० अस्तित्वातच नव्हती, लेखक मात्र सगळे खरे आणि प्रसिद्ध. बाहेरून लिहून घेतलेली यादी होती, लिहिणाऱ्याने एआयकडून करून घेतली आणि छापून येईपर्यंत मधल्या कोणीही एकसुद्धा नाव कॅटलॉगमध्ये टाकून बघितलं नाही. त्याआधी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी असेच न झालेल्या खटल्यांचे दाखले दिले होते आणि ५ हजार डॉलरचा दंड भरला.

म्हणजे बघ, वर्तमानपत्राकडे लोक होते, वकिलांकडे लोक होते, पण "हे मुळात आहे का" एवढं साधं विचारणारं माणूस त्या साखळीत कुठेच नव्हतं. तुझ्या काउंटरवर होतं. तू शोधलंस, सापडलं नाही, आणि आपल्यालाच येत नाही असं वाटून घरी जाऊन जागत बसलीस, हे मात्र चुकलं तुझं.

पुढच्या वेळी असा कोणी आला की "हे खोटं आहे" म्हणायचं नाही, ते त्याला पटणार नाही. स्क्रीन त्याच्याकडे फिरव आणि त्यालाच करायला लाव. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिला असेल तर आधी तो तपास. १३ आकडी आयएसबीएनमधले आकडे डावीकडून आळीपाळीने १ ने आणि ३ ने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची, ती १० ने निःशेष भागली गेली पाहिजे, नाही गेली तर तो नंबरच बनावट किंवा चुकीचा टाइप झालेला. भागली गेली तरी हुरळून जायचं नाही, कारण खऱ्या पुस्तकाचा नंबर भलत्याच नावाला चिकटवलेला पण असतो, मग तो नंबर वर्ल्डकॅटमध्ये टाकायचा. जगभरच्या हजारो लायब्ररींच्या नोंदी तिथे एकत्र आहेत, तिथेही नाही आणि प्रकाशकाच्या यादीतही नाही म्हटल्यावर संशय घ्यायला हरकत नाही. (फक्त एवढं लक्षात ठेव की रोमन सोडून इतर लिप्यांमधली आणि छोट्या प्रकाशकांची बरीच खरी पुस्तकं पण तिथे नसतात, तेव्हा नुसतं वर्ल्डकॅटवर नाही म्हणून खोटं ठरवायचं नाही.) लेख असेल तर डीओआय, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक, उघडून बघायचा, खूपदा तो दुसऱ्याच कुठल्या विषयाच्या लेखावर जातो, आणि डीओआय नसेल तर त्या नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका उघडायची, तिथे त्या पानांवर दुसरंच काहीतरी निघतं. फार वेळ लागत नाही याला. असं एकदा डोळ्यांदेखत झालं की मुलं पुढची यादी मुकाट्याने आधी तुझ्याकडे घेऊन येतात.

आता कियॉस्कचं. कियॉस्कने तुझं काय नेलं तर देवघेव. शिक्का मारणं, तारीख घालणं, दंडाचा हिशोब, रांगेतल्या माणसाला "पुढचे या" म्हणणं. नेऊ दे ना. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम घालून देणाऱ्या रंगनाथनांचा चौथा नियम १९३१ पासून तेच सांगतोय, वाचकाचा वेळ वाचवा, आणि पाच पुस्तकांचा गठ्ठा एकदम ठेवला की नोंद होते यात वाचकाचा वेळ वाचतोच, तुझाही वाचतो. आरएफआयडीचा मला सगळ्यात जास्त फायदा वाटतो तो वार्षिक पडताळणीला, हातातलं रीडर शेल्फवरून फिरवत जायचं, दाखल नोंदवही मांडीवर घेऊन एक जण नंबर वाचतोय आणि दुसरा टिक करतोय असं दिवसच्या दिवस बसायला नको. अर्थात धातूचं शेल्फ आणि चमकदार फॉइलची कव्हरं असली की रीडर गडबडतं, आणि पुस्तकाला मुळात वर्गांकच (विषयाप्रमाणे द्यायचा नंबर) चुकीचा दिलाय हे त्याला जन्मात कळणार नाही.

तसं पण हे काही पहिल्यांदा होत नाहीये. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत ग्रंथपालांना एका ठरावीक वळणाचं अक्षर घोटून घोटून शिकवायचे, सगळ्यांची कार्डं सारखी दिसावीत म्हणून, मग टाइपरायटर आला आणि ते अक्षर गेलं. १९६० च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अॅव्हरम या प्रोग्रॅमर बाईंनी मार्क फॉरमॅट उभा केला, बाई ग्रंथालयशास्त्र शिकलेल्याच नव्हत्या, पण कार्डावरची प्रत्येक गोष्ट कॉम्प्युटरला कशी कळेल हे त्यांनी ठरवलं आणि आज तू जी नोंद करतेस ती त्याच साच्यात जाते. ओसीएलसी ही संस्था लायब्ररींना कॅटलॉगची कार्डं छापून पुरवायची, त्यांनी शेवटची कार्डं २०१५ मध्ये छापली, तोपर्यंत जवळपास १९० कोटी कार्डं छापून झाली होती. हे सांगून मी तुला "काही होत नाही गं, सगळं ठीक होतं" असलं काही सांगत नाहीये हां. कार्डं टाइप करणाऱ्यांची, कार्डं ड्रॉवरमध्ये क्रमाने लावणाऱ्यांची कामं गेलीच, परत आली नाहीत. नुसती देवघेव करणाऱ्यांचीही जातील. ज्यांना पुस्तकाबद्दल काही ठरवायचं असतं, हे कुठल्या विषयात जाईल, कोणत्या नावाखाली सापडेल, ठेवायचं की बाद करायचं, त्यांचं काम दर वेळी वाढलंय आणि दर वेळी थोडं जास्त अदृश्य झालंय. मीटिंगमधला तो माणूस हसला कारण त्याला तुझं फक्त काउंटरवरचं काम दिसतं.

म्हणून मला तुला एकच गोष्ट सांगायचीय, बाकी सगळं त्याच्याच पोटातलं आहे. मशीनशी भांडू नकोस, पण मशीनमध्ये काय जातंय आणि कोणत्या अटींवर जातंय हे ठरतं त्या टेबलावर जाऊन बस. बोलावलं नाही तरी बस.

आणि ते टेबल आत्ता मांडलेलं आहे, तुझं डेटा मायग्रेशन, म्हणजे जुना डेटा नव्या सिस्टीमवर नेणं. तू पत्रात ते अर्ध्या वाक्यात लिहिलंयस, कियॉस्कबद्दल पानभर. उलट हवं होतं. कियॉस्क बिघडला तर मेकॅनिक येतो, मायग्रेशन बिघडलं तर पुस्तकं शेल्फवर असूनही हरवतात आणि वर्षानुवर्षं कोणाला कळत पण नाही.

काय काय बिघडतं सांगते. जुन्या नोंदी युनिकोडच्या (कुठल्याही कॉम्प्युटरला देवनागरी कळावी म्हणून ठरलेल्या मानकाच्या) आधीच्या एखाद्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर स्क्रीनवर देवनागरी दिसत असते पण आत फाइलमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, नव्या सिस्टीममध्ये तो फॉन्ट नसला की सगळी नावं म्हणजे नुसता कचरा, त्यासाठी आधी कन्व्हर्टर चालवायला लागतो आणि कन्व्हर्टर जोडाक्षरांत आणि रफारात चुका करतो, त्या डोळ्यांनीच बघायला लागतात. मग फील्ड जुळवणं. व्हेंडरच्या, म्हणजे सिस्टीम विकणाऱ्या कंपनीच्या, माणसाला लेखक, संपादक, अनुवादक सगळे एकच, तो सगळ्यांना मार्कच्या १०० नंबरच्या, म्हणजे मुख्य लेखकाच्या, फील्डमध्ये कोंबतो, तुला माहितीय की संपादक आणि अनुवादक ७०० मध्ये, म्हणजे इतर नावांच्या फील्डमध्ये, जायला हवेत. मूळ लिपीतलं नाव आणि रोमनमधलं नाव दोन्ही ठेवायचं असेल तर ८८० फील्ड त्यासाठीच आहे, पण तू मागितलं नाहीस तर कोणी देणार नाही. अनेक खंडांचे संच एका नोंदीत गोळा होतात किंवा एका खंडाच्या चार नोंदी होतात. नियतकालिकांचे जुने बांधीव अंक तर हमखास गायब. आणि आयएसबीएन १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला, त्याच्या आधीच्या पुस्तकांना तो नंबरच नाही, सॉफ्टवेअर मात्र त्याच नंबरवरून "ही दोन पुस्तकं एकच" ठरवतं, मग नंबर नसलेल्या पुस्तकांचं काय करायचं ते व्हेंडरला आधीच विचारून ठेव.

यावर उपाय फार हुशारीचा नाहीये, चिकाटीचा आहे. तुझ्या कलेक्शनमधल्या सगळ्यात त्रासदायक शंभरेक नोंदी निवड, जुनी पुस्तकं, संच, एकाच नावाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या, देणगीत आलेली, देवनागरीतली, आणि व्हेंडरला सांग आधी ह्या नेऊन दाखव. सोप्या नोंदी तो स्वतःच डेमोत दाखवतो, त्यात काही अर्थ नसतो. त्या शंभर नीट गेल्या की मग सगळं न्यायचं, आणि नेण्याआधी चार आकडे लिहून त्यावर त्याची सही घ्यायची, एकूण शीर्षकं, एकूण प्रती, सभासद, आणि बाहेर असलेली पुस्तकं. नंतर तेच चार आकडे परत मोजायचे. जुळले नाहीत तर कामाची पावती द्यायची नाही, कितीही घाई केली तरी.

नावांचं एक वेगळं सांगते कारण त्यात खरं ग्रंथपालाचं काम दिसतं. तुझ्या कॅटलॉगमध्ये आत्ता जाऊन बघ, शेक्सपिअर, शेक्सपियर, शेक्स्पीअर, परत कुठे विल्यम कुठे विलियम, अशी पाच-सहा रूपं निघतील, आणि एका रूपाने शोधणाऱ्या मुलाला बाकीच्या रूपांखालची पुस्तकं दिसणारच नाहीत, तो म्हणणार लायब्ररीत नाहीये. ओपनरिफाइन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात यादी टाकली की अशी सारखी दिसणारी नावं शोधून गठ्ठ्याने समोर ठेवतं, एरवी महिनोन्महिने लागले असते असं काम आहे ते. पण एकत्र करायचं बटण तुलाच दाबायचंय, कारण एकाच नावाचे आणि एकाच आद्याक्षरांचे दोन वेगळे लेखक असू शकतात, एक कवी आणि एक वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि मशीनला त्यातलं काही कळत नाही, तुला दोघांची पुस्तकं कुठल्या रॅकला आहेत ते पाठ आहे.

विषय देण्याचंही असंच. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने अॅनिफ नावाचं टूल बनवून सगळ्यांना खुलं केलंय, मजकूर दिला की ते विषयशीर्षकं सुचवतं. सुचवतं. शब्द नीट वाच. पटतील ती घ्यायची, नाही ती खोडायची. मला स्वतःला असली टूल्स आवडतात, नोंदींचा डोंगर साचलेला असतो तेव्हा काहीच विषय नसण्यापेक्षा सुचवलेले तपासून घेणं परवडतं, पण तपासणाऱ्याचा पगार वाचवायला म्हणून कोणी ते आणत असेल तर त्याने काही वर्षांनी कॅटलॉग उघडून बघावा.

आणि लहान लायब्ररीला यात कोण विचारतंय असं म्हणू नकोस. कोहा हे लायब्ररीचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर आज कुठे कुठे वापरतात बघ, ते न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टने, म्हणजे एका छोट्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयांनी बनवून घेतलं. त्यांची जुनी सिस्टीम २००० साल उजाडल्यावर चालेल याची खात्री नव्हती, महागडं पॅकेज नको होतं, तर त्यांनी एका छोट्या कंपनीकडून आपल्याला हवं तसं करून घेतलं, ३ जानेवारी २००० ला चालू केलं आणि सोर्स कोडसकट जगाला देऊन टाकलं.

बरं, ई-बुकांचं पॅकेज. इथे एकच सांगते, कॉन्ट्रॅक्ट वाच. सही प्राचार्य करतील नाहीतर अकाउंट्सवाले करतील पण वाचायचं तू. छापील पुस्तक विकत घेतलं की ते लायब्ररीचं, फाटेपर्यंत किती जणांना द्यायचं ते आपलं आपण बघतो. ई-बुक बहुतेक वेळा विकतच मिळत नाही, वापरायचं लायसन्स मिळतं. २०११ मध्ये हार्परकॉलिन्सने नियम काढला की लायब्ररीने घेतलेलं ई-बुक २६ वेळा वाचकाला दिलं की संपलं, परत पैसे भरा. मोठा आरडाओरडा झाला तेव्हा, पण असली लायसन्सं नंतर रुळली, कोणी वेळा मोजतं कोणी वर्षं मोजतं. आपलं छापील पुस्तक स्कॅन करून एका वेळी एकालाच द्यायचं असा मधला मार्ग इंटरनेट अर्काइव्हने काढला होता, त्यावर प्रकाशक कोर्टात गेले, २०२३ मध्ये आणि मग अपिलात २०२४ मध्ये निकाल अर्काइव्हच्या विरोधात लागला आणि ५ लाखांहून जास्त पुस्तकं वाचकांसाठी बंद करावी लागली. तेव्हा तुझ्या पॅकेजबद्दल विचार, एका वेळी किती जण उघडू शकतात, वर्गणी थांबवली तर हातात काय उरतं, वर्षाच्या मध्येच यादीतली पुस्तकं काढून घेतली तर कळवणार का, मार्क नोंदी देणार का, आणि वापराचे आकडे 'काउंटर' (COUNTER) या ई-साहित्याचा वापर मोजायच्या मानकाप्रमाणे देणार का. शेवटचं महत्त्वाचं आहे, नाहीतर ते त्यांच्याच पद्धतीने मोजलेले फुगवलेले आकडे दाखवून पुढच्या वर्षी भाव वाढवतात. पॅकेजमध्ये हजारो पुस्तकं आहेत या आकड्याला भुलायचं नाही, तुमच्या अभ्यासक्रमातली किती आहेत ती यादी काढून बघायची, बऱ्याचदा तोंड उतरतं.

क्लाउडचं म्हणशील तर दोन गोष्टी बघ, बॅकअप आणि वाचकांची माहिती. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश लायब्ररीवर रॅन्समवेअर (डेटा अडकवून खंडणी मागणारा) हल्ला झाला. पैसे दिले नाहीत म्हणून चोरांनी जवळपास ६०० जीबी डेटा बाहेर टाकला, आणि ऑनलाइन कॅटलॉग जानेवारी २०२४ च्या मध्याला कुठे परत दिसायला लागला, तोही सुरुवातीला नुसता बघण्यापुरता. एवढी मोठी संस्था, शेल्फवर पुस्तकं जिथल्या तिथे, पण कुठलं कुठे आहे हे सांगणारी यादीच उघडत नव्हती. पुढे त्यांनी काय चुकलं याचा सविस्तर अहवाल स्वतःच प्रसिद्ध केला, हे मला फार आवडलं, सहसा कोणी करत नाही. तर व्हेंडर "सर बॅकअप रोज होतो" म्हणेल, तू म्हण की मला माझ्या नोंदींची मार्क फाइल दर महिन्याला माझ्या हार्डडिस्कवर हवी, आणि एकदा त्या फाइलवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर सगळं परत उभं करून दाखवा. व्हेंडर बदलायचा झाला तर हीच फाइल उपयोगी पडते, नाहीतर डेटा तुमचा आणि किल्ली त्यांची.

वाचकांच्या माहितीबद्दल आपल्यात फारसं बोललं जात नाही. देवघेवीची जुनी, कार्ड-तिकिटाची ब्राऊन पद्धत तू शिकली असशील, पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकाच्या खिशात, तिकीट वाचकाच्या हातात, आणि कोणी काय वाचलं होतं याचा मागमूस राहायचा नाही. कॉम्प्युटर मात्र काहीच विसरत नाही. एखाद्या मुलीने कुठल्या आजारावरचं पुस्तक नेलं, कोणी कायद्याचं कुठलं पुस्तक पुन्हा पुन्हा नेलं, हे सगळं वर्षानुवर्षं पडून राहतं आणि पासवर्ड असलेल्या कोणालाही दिसतं. कोहात जुन्या देवघेवीवरून वाचकाचं नाव काढून टाकायची सोय आहे, किती महिन्यांनी काढायचं ते ठरवता येतं, बाकीच्या सिस्टीममध्येही असं काही असेल, नसेल तर लेखी माग. हे ठरवणं ग्रंथपालाचं काम आहे, आयटीवाल्याला ते सुचणार पण नाही, त्याच्या मते डेटा जितका जास्त तितका चांगला.

चॅटबॉटला घाबरू नकोस, त्याचं काम ठरवून दे. वेळ किती ते किती, दंड किती, पुस्तक नूतनीकरण कसं करायचं, एवढी उत्तरं त्याने खुशाल द्यावीत. विषयाचा प्रश्न आला की तुझ्याकडे पाठवावं. कारण लोक जे विचारतात ते त्यांना हवं असतंच असं नाही, "मॅडम पाण्यावर पुस्तक आहे का" म्हणून येतो आणि पाच मिनिटं बोललं की कळतं याला भूजल पातळी मोजण्याच्या पद्धतींवर प्रोजेक्ट करायचाय, तेही गुरुवारपर्यंत. चॅटबॉट पाण्यावरची तीस पुस्तकं देईल आणि खूश होईल.

कोडिंग शिकू का विचारलंस. नको, निदान आत्ता नको. स्प्रेडशीट हात बसेपर्यंत शीक, मग ओपनरिफाइन, मग मार्कएडिट, त्याने हजारो नोंदी एका फटक्यात दुरुस्त करता येतात आणि एका फटक्यात नासवताही येतात, म्हणून कायम कॉपीवर काम करायचं. झोटेरो हे संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर वापरत नसशील तर ते या आठवड्यातच घे, आणि मुलांनाही त्याचाच क्लास दे, संदर्भ कसे साठवायचे आणि खोटे कसे ओळखायचे, दोन्ही एकाच तासात होतं. कॉलेजात प्रबंध, प्रकल्प साठत असतील तर ते ऑनलाइन साठवून ठेवायला डीस्पेस हे सॉफ्टवेअर बघ. यातलं बरंच काही फुकट आहे आणि शिकवणारे व्हिडिओही. सर्टिफिकेटच्या मागे लागू नकोस, तुझ्याच लायब्ररीचा घाणेरडा डेटा हा सगळ्यात चांगला क्लास आहे.

आणि एक वही घाल, किंवा शीट. कोणी काय विचारलं, तू काय शोधून दिलंस, किती वेळ गेला. नावं लिहू नकोस, नाहीतर वर मी जे सांगितलं त्याला काही अर्थ राहणार नाही. सेमिस्टर संपलं की त्यातले पंधरा-वीस प्रश्न निवडून, पकडलेल्या बनावट संदर्भांसकट, एक पानभर छाप आणि त्या मीटिंगमध्ये सगळ्यांपुढे ठेव. भाषण करायचं नाही, कोणाला टोमणा मारायचा नाही, पान ठेवायचं आणि पुढचा विषय घ्यायचा. देवघेवीचे आकडे तर कियॉस्कमुळे तुझ्या नावावरून जाणारच आहेत, त्यांच्या जागी दाखवायला काहीतरी हवं ना.

राहिली नोकरी सोडायची गोष्ट. सोडण्यात काही वाईट नाही, आणि त्रेचाळीस म्हणजे काही वय नाही. एवढं सगळं मागूनही तुला डेटाजवळ आणि कॉन्ट्रॅक्टजवळ फिरकू दिलं नाही, नुसतं कियॉस्कशेजारी उभं राहून लोकांना बटण दाखवायला लावलं, तर खुशाल सोड, माझा पाठिंबा आहे. पण मायग्रेशन पार पडेपर्यंत थांब. विस्कटलेल्या हजारो नोंदी एका सिस्टीममधून दुसरीत सुखरूप नेल्या, आकडे जुळवले, व्हेंडरकडून चुका दुरुस्त करून घेतल्या, हे ज्याला सांगता येतं त्याला नुसत्या लायब्ररीतच नाही तर अर्काइव्ह, संग्रहालयं, प्रकाशन संस्था, कंपन्यांचे रेकॉर्ड विभाग, संशोधनाचा डेटा सांभाळणाऱ्या संस्था, सगळीकडे विचारतात. आत्ता सोडलीस तर बायोडेटात "देवघेव विभाग सांभाळला" एवढंच लिहिता येईल.